सांगली फुटांत मोजतात

माईघाट
विभाग: आपलं गाव

नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासात शेवटच्या वर्षी एक शहर घेऊन त्याचा मुळापासून अभ्यास करावा लागतो. वर्गातल्या बाकीच्यांनी चंदिगड, पाँडिचेरी, कोची अशी भारदस्त नावं उचलली. मी सांगली घेतली. कारण व्यवहारी होतं: राहायला स्वतःचं घर आणि जेवायला आईच्या हातचं. "सांगलीत अभ्यासण्यासारखं काय आहे?" असं मार्गदर्शकांनी विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. सांगलीकराला ते कधीच सुचत नाही. पुण्यात कुणी विचारलं की आपण गणपती म्हणतो, भडंग म्हणतो आणि "बाकी तसं काय नाही ओ" म्हणून मोकळे होतो. साताऱ्याला अजिंक्यतारा, कोल्हापूरला अंबाबाई आणि रंकाळा, आणि मधे आपण.

आता प्रबंध जमा झालाय. त्यात जे लिहिता येत नाही ते इथं लिहिते.

सुरुवात समोच्च रेषांपासून केली. सांगली सपाट आहे हे आपण सगळेच मानून चालतो. डोंगर नाही, चढ नाही, सायकलला गिअर लागत नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर दर २० मीटर उंचीला एक रेषा असते, म्हणजे आपलं अख्खं गाव दोन रेषांच्या मधे गडप. उपग्रहाची फुकट मिळणारी उंचीची माहिती घेतली तर तिच्यात काही मीटरची तफावत असते. इतर शहरांत ती चालून जाते. आपल्याकडं एका फुटावर ठरतं की भांडी माळ्यावर ठेवायची की घर सोडायचं.

नकाशानं हात टेकले म्हणून माणसांना विचारत सुटले. आणि इथं मजा झाली. पूर्वी पाणी कुठवर आलं होतं, असं विचारलं की कुणीही "गुडघाभर" किंवा "दारापर्यंत" एवढ्यावर थांबत नाही. कापडपेठेतला दुकानदार सांगतो, "आमच्या पायरीला बावन्नला लागतं." दत्तनगरातल्या आजी म्हणतात, "चाळीस म्हटलं की आम्ही गॅसची टाकी आधी हलवतो." हे सगळे आकडे आयर्विन पुलाच्या पट्टीवरचे. १९२९ साली बांधलेला, व्हॉइसरॉय आयर्विनच्या नावाचा दगडी पूल. शेजारी समांतर पूल उभा राहिला तरी गावाचं मोजमाप जुन्यावरच चालतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ ला ५३ फूट ९ इंच, २०१९ ला ५७ फूट ६ इंच. हे आकडे इथं शाळकरी पोरंही पाढ्यासारखी म्हणतात.

मी काय केलं, तर प्रत्येक उत्तर नकाशावर ठिपका म्हणून टाकत गेले. भिंतींवर लोकांनी रंगानं, खडूनं, कुठं छिन्नीनं मारून ठेवलेल्या पुराच्या खुणा होत्या, त्याही घेतल्या. हळूहळू त्या ठिपक्यांतून उंचसखल सांगली वर आली. पाणी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता इथं आधी. मग मारुती चौक, टिळक चौक. मग हरभट रस्ता, कापडपेठ. विश्रामबाग कोरडं. कुठल्याही सरकारी कपाटात नसलेला हा नकाशा लोकांच्या डोक्यात अगोदरपासून तयार होता, तोही फुटाच्या अचूकतेनं. मी फक्त तो कागदावर उतरवला.

पाणी समोरून येतं हा समजही त्यात गळाला. नदी गाळ टाकत टाकत आपला काठ उंच करते आणि मागची जमीन सखल राहते, हे भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात असतं. पण आपण नदीकडं तोंड करून बसलेलो असतो आणि पाणी नाल्यांतून, ओतांतून मागच्या दारानं शिरतं, हे पुस्तकात कसं कळणार? ज्यांच्या घरात शिरलंय ते सांगतात.

आणखी एक. कृष्णेच्या उगमाला, महाबळेश्वरात, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सांगलीत सहाशेच्या आतबाहेर. म्हणजे आपला पूर हा बहुतेक वेळा दुसरीकडच्या पावसाचा पूर असतो. कराडला कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा. लख्ख ऊन पडलेलं असताना पुलावर उभं राहून पाणी चढताना बघणं हा प्रकार बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आणि २०१९ च्या त्याच ऑगस्टात, इकडं बाजारपेठेतून बोटी फिरत असताना, याच जिल्ह्यात जतकडं टँकर चालू होते. एका जिल्ह्याच्या दोन टोकांत एवढं अंतर असेल, तर "सांगली जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान" या आकड्याला काय अर्थ उरतो, असं मी प्रबंधात सौम्य भाषेत लिहिलंय. इथं सौम्यपणा सोडून लिहिते: तो आकडा निरुपयोगी आहे.

सांगली संस्थानच्या राजधानीची गोष्ट मात्र मला अजून पुरती उलगडलेली नाही. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या काकांपासून वेगळे झाले आणि सांगलीला आले. गणेशदुर्ग हा किल्ला बांधला, पेठा वसवल्या, नदीकाठी गणपतीचं देऊळ उभारलं, ज्याचं काम तीसेक वर्षं चाललं. पुराच्या तोंडाशी राजधानी कशासाठी? माझा अंदाज असा की त्या काळी नदीपासून लांब राहणं हीच मोठी गैरसोय होती. पाणी, घाट, काळी जमीन, दोन नद्यांचा संगम हाकेच्या अंतरावर. वर्षातले चार दिवस पाणी पायरीला लागलं तर लागलं. ज्यांनी देवळाला एवढा उंच चौथरा दिला त्यांना पूर माहीत नव्हता असं कसं म्हणायचं? पुराला जागा ठेवून ते बांधत होते. ती जागा आपण नंतर प्लॉट पाडून विकली.

पुरापलीकडची सांगली प्रबंधात फार आली नाही. इथल्या जाणत्यांनी भर घालावी.

---

भडंग_कमी_तिखट

पहिला! वाचनखूण साठवली. "पाढ्यासारखी म्हणतात" याला पैकीच्या पैकी. माझी पोरगी दुसरीत आहे, शाळेला सुट्टी मिळेल का हे ती फुटांवरून ठरवते.

---

हळद्या

ताई, झकास लिव्हलंय. पण हरिपूरची पेवं राहिली की!

आमच्या घरात दोन पिढ्या हळदीचा धंदा. आता कोल्ड स्टोरेज आलीत, पण माझ्या लहानपणी हळद जमिनीच्या पोटात असायची. हरिपूर आणि सांगलीवाडीची माती अशी की आत ओल धरत नाही. वर माणूस जेमतेम उतरंल एवढं तोंड आणि खाली पोट मोठं, रांजणासारखं. तळाला, कडेनं पाचट आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही, रंग उतरत नाही. भाव पडला की पेव बंद ठेवायचं, चढला की फोडायचं. बँकेत ठेव ठेवावी तसं.

पेव फोडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आतली हवा कोंडलेली असते, माणूस जागेवर जाऊ शकतो. तोंड उघडून थांबायचं, वारं खेळू द्यायचं, मग गडी खाली. ही शिस्त सगळ्यांना माहीत.

२००५ च्या पुरानं पेवांचा कणा मोडला. पाणी आत शिरलं, हळद कुजली. त्यानंतर फार कमी लोकांनी परत भरली. तुमच्या नकाशात हे कुठं बसतं बघा, कारण पेवं आहेत नदीकाठालाच. आमच्या आज्ज्यानं ती तिथं खणली तेव्हा पाणी तितक्या वर येत नव्हतं, का आलं तरी चालत होतं, मला म्हाईत न्हाई.

आणि एक, लोकांना वाटतं सांगलीत हळद पिकते म्हणून सांगलीची हळद. पिकते की, पण बाजाराचा जोर बाहेरून येणाऱ्या मालावर आहे. कर्नाटकातनं येते, तेलंगणातनं येते. सांगलीचं नाव झालं ते साठवणीनं, सौद्यानं आणि पारखीनं. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

---

माईघाट

@हळद्या काका, अहो हे तर सोनं आहे. पेवांच्या जागा दाखवाल का? नकाशावर टाकायच्यात. जमिनीखाली ओल न धरणारी माती आणि जमिनीवर पूर, हे दोन्ही एकाच काठावर कसं, हे मातीचे नमुने घेतल्याशिवाय कळणार नाही.

---

मिरज_जंक्शन

धागा सांगलीचा म्हणून गप्प बसणार होतो. नाही जमलं.

महापालिका १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड तिघांची एक आहे, हे प्रबंधात कुठंतरी आलंच असेल. तरी अभ्यास झाला की सांगलीचं कौतुक आणि मिरज "बाकी तसं काय नाही ओ" मध्ये! तुम्ही ज्याला राजधानी म्हणता ती आमच्यातून फुटून निघाली, हे तुम्हीच वर लिहिलंय, त्याबद्दल आभार.

मिरजेतली एक गल्ली सांगतो. शिकलगार, म्हणजे मुळात हत्यारं घडवणारी घराणी. एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडं वळली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, ते महिनोन्महिने वाळत टांगलेले असतात. मग कापणं, आत आकार देणं, दांडी बसवणं, कोरीव काम, आणि शेवटी जवारी. जवारी म्हणजे घोडीचा, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा इतका बारीक घासायचा की तार छेडल्यावर सूर गुंजत राहिला पाहिजे. ते यंत्रानं होत नाही, कानानं होतं. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, १९३७ ला गेले तेव्हा इथंच मातीत गेले, आणि मीरासाहेब दर्ग्यात आजही उरुसाला गवई हजेरी लावतात. फुकटात, मांडी घालून.

१८९४ पासूनचं मिशन हॉस्पिटल, त्यामुळं आलेले डॉक्टर, त्यामुळं आलेले पेशंट, त्यामुळं लॉज आणि खानावळी, हा आणखी एक प्रबंध होईल. विद्यार्थी पाठवून द्या.

---

भडंग_कमी_तिखट

आलं मिरज! मी वाटच बघत होतो.

---

स्पष्टबोल्या

सगळं वाचलं. छान आहे. पण हे कौतुक ऐकून पाणी कमी होतं का? माझ्या दुकानात २०१९ ला पाणी होतं, २०२१ ला पुन्हा होतं. माल गेला, विम्याच्या कागदांवर सह्या करून बोटं झिजली. मला सांगलीचा इतिहास नको, मला कोरडं शटर पाहिजे. बाहेर राहून गावावर प्रेम करणं सोपं असतं. तुमचा अभ्यास झाला की तुम्ही पुण्यात नोकरी करणार आणि आम्ही इथं चिखल उपसणार.

---

माईघाट

@स्पष्टबोल्या दादा, राग रास्त आहे. पाणी कमी होत नाही. पण माझ्या नकाशात एक गोष्ट दिसली ती तुमच्या कामाची आहे. पाणी वर्दी देऊन येतं. धरणातून किती सोडलं, कराडला किती आहे, आयर्विनला किती, हे आकडे तासातासाला मिळतात. नसतं ते एवढंच: "तुमच्या शटरला किती फुटाला लागतं" हे. दत्तनगरातल्या आजींना ते पक्कं ठाऊक आहे, पण बाजारपेठेत गेल्या काही वर्षांत नव्यानं दुकान घेतलेल्यांना नाही. मी विचारलेल्या नव्या दुकानदारांपैकी बहुतेकांनी "कुणीतरी सांगेल की" असं उत्तर दिलं. प्रत्येक चौकात, विजेच्या खांबावर, आयर्विनच्या फुटांत पातळी रंगवली तर खर्च रंगाच्या डब्याचा आहे.

नोकरीचं म्हणाल तर अजून मिळायची आहे!

---

पाटबंधारे_निवृत्त

चांगला धागा. माझी उमेदीची वर्षं कृष्णा खोऱ्यातच गेली, म्हणून चार तांत्रिक गोष्टी.

नदी कराडपर्यंत डोंगरातून येते तेव्हा तिला उतार असतो. पुढं ती मैदानात पसरते, उतार फार कमी होतो, वळणं वाढतात. सांगलीच्या पायथ्याशी, हरिपूरला, वारणा येऊन मिळते. खाली नरसोबावाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकाच वेळी भरल्या तर खालच्या पाण्याचा फुगवटा वरच्याला पुढं सरकू देत नाही. म्हणून सांगलीत पाणी चढतं तसं उतरायला दिवस लागतात. कोकणातल्या नद्या काही तासांत उतरतात. आपल्याकडं पाणी मुक्कामाला येतं.

कोयना १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं धरण. जुलैअखेर ते किती भरलेलं ठेवायचं यावर बरंच अवलंबून. लवकर भरलं तर पुढच्या पावसाला जागा नाही. रिकामं ठेवलं आणि पाऊस रुसला तर वीज नाही आणि ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचनाच्या पंपांना पाणी नाही. निर्णय घेणाऱ्याच्या जागी बसून बघा, सोपा नाही.

अलमट्टीवरून, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणावरून, इथं भांडण सुरू व्हायच्या आत सांगतो. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीमुळं पूर आला नाही असा निष्कर्ष २०२० मध्ये दिला. अनेक सांगलीकरांना तो मान्य नाही, त्यांचेही मुद्दे आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

माईघाट, तुमच्या प्रबंधात निळी आणि लाल रेषा आल्या आहेत का? निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची, दोघींच्या मधे निर्बंधांसह. लोकांना वाटतं "शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे एकदा आला की पुढची शंभर वर्षं सुटका. तसं नाही. दरवर्षी शंभरात एक अशी शक्यता, मागच्या वर्षी आला असला तरी.

---

माईघाट

@पाटबंधारे_निवृत्त काका, दोन्ही रेषा आहेत. लोकांच्या ठिपक्यांवरून काढलेली २०१९ ची रेषा मी त्यांच्यावर टाकून बघितली. फरक कुठं आणि किती ते इथं लिहीत नाही, कारण कुणाच्या तरी प्लॉटचा भाव पडेल आणि शिव्या मला बसतील. तुमचा ई-मेल निरोपातून द्याल तर पाठवते.

---

तिसरी_घंटा

पुराच्या धाग्यात नाटक घुसवतेय, चालवून घ्या.

मी शाळेत असताना ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन, म्हणजे भाषणांचा कंटाळवाणा दिवस वाटायचा. पुढं नाट्यशास्त्र शिकताना कळलं की पहिलं मराठी नाटक हा कसला जुगार होता. कर्नाटकातल्या कर्कीची भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीत खेळ करून गेली. आप्पासाहेबांना खेळ आवडला, पण तसलं काही मराठीत पाहिजे होतं. दरबारी असलेल्या विष्णुदास भाव्यांना त्यांनी सांगितलं आणि १८४३ ला 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. भावे तेव्हा जेमतेम विशी-पंचविशीतले, बाहुल्या बनवण्यात हात बसलेला, डोळ्यासमोर मराठी नाटकाचा एकही नमुना नाही.

माझ्या मते याहून महत्त्वाचं पुढंच घडलं. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. पोटासाठी मंडळी बाहेर पडली, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाच्या मर्जीवरचं नाटक प्रेक्षकांच्या पैशावर आलं ते तेव्हा. आश्रय टिकला असता तर मराठी रंगभूमी आणखी बरीच वर्षं वाड्यातच राहिली असती, असं मला वाटतं. वाद घालायला तयार आहे.

नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्वांचा जन्म पलूसजवळच्या नागठाण्यातला. सगळी कृष्णाकाठचीच माणसं. हे पाण्यामुळं आहे असं म्हणण्याचा मोह होतो, पण माईघाट पुरावा मागेल.

---

माईघाट

@तिसरी_घंटा मागणारच! पण राजाश्रय संपल्याचा मुद्दा मी कधीच असा जोडून वाचला नव्हता. याच्यावर स्वतंत्र लेख लिही गं.

---

वखारभाग_वाला

गणेशदुर्गाचा उल्लेख वर आलाय. आमच्या पिढीला तो "जेल" म्हणून माहीत. २४ जुलै १९४३ ला, स्वातंत्र्यलढ्यात, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार याच तुरुंगातून तटावरून खंदकात उड्या टाकून पळाले. दादांना गोळी लागली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. आम्ही ही गोष्ट शंभरदा ऐकली, पण माईघाट यांचा लेख वाचताना पहिल्यांदा तारखेकडं लक्ष गेलं. जुलैचा शेवट. म्हणजे पळणाऱ्यांच्या पुढ्यात भरलेली कृष्णा होती आणि मागं बंदुका. उन्हाळ्यात तीच नदी पायी ओलांडता येते. त्यांनी नदीकडंच धाव का घेतली, हे गावाचा नकाशा समोर ठेवून बघा. दुसरीकडं सगळा उघडा माळ.

अवांतर: स्टेशन चौकात स्टेशन नाही याचं बाहेरच्यांना हसू येतं. १९०७ मध्ये मिरजेहून मीटरगेजचा फाटा तिथवर आला होता. ब्रॉडगेज करताना मार्गच बदलला आणि स्टेशन गावाबाहेर गेलं. जुने लोक अजून त्या फाट्याच्या खुणा दाखवतात. बाजारपेठ एवढी त्या बाजूला का सरकली, याचं उत्तर त्यात असावं.

---

बेळगावहून

मूळची सांगलीची, लग्नानंतर इकडं. एक प्रश्न. मला असा अभ्यास माझ्या आताच्या गावाचा करायचा आहे, पण पदवी वगैरे नाही. कुठून सुरुवात करू?

---

माईघाट

@बेळगावहून ताई, पदवीनं एवढंच होतं की लोक दार उघडतात. तुम्ही बाईमाणूस आहात आणि गावातल्या आहात, तुम्हाला तशीही उघडतील.

एक विषय धरा, गाव धरू नका. मी पाणी धरलं. तुम्ही विहिरी धरा, बाजाराचा दिवस धरा, गल्लीतले कारागीर धरा. जिल्ह्याची जुनी गॅझेटिअर्स महाजालावर मोफत मिळतात, ती आधी वाचा, पण इंग्रज अधिकाऱ्यानं काय बघितलं नसेल याचा विचार करत वाचा. क्यूजीआयएस ही नकाशे बनवायची संगणकप्रणाली फुकट आहे, शिकायला चिकाटी लागते. आणि माणसांना "पूर्वी कसं होतं?" असं विचारू नका, सगळे "पूर्वी छान होतं" म्हणतात. "पाणी कुठल्या पायरीला लागलं?" असं विचारा. वस्तूबद्दल विचारलं की माणूस खरं बोलतो.

बाकी चहाला नाही म्हणू नका. माझी सगळ्यात चांगली माहिती दुसऱ्या कपानंतरची आहे.

---

हळद्या

ताई, पेवं दाखवायची जबाबदारी माझी. उन्हाळ्यात या, पावसाळ्यात तोंडं सापडत न्हाईत, गवत माजतं. आता काहींवर घरं झालीत, त्यांच्या मालकांना विचारूनच जावं लागंल. वाद्यांवाल्या मिरजकरांनाबी आणा, हरिपूरला वांग्याचं भरीत आणि भाकरी खाऊन जातील.

---

मिरज_जंक्शन

सांगलीकर जेवायला बोलावतोय हे नोंदवून ठेवा, पुन्हा व्हायचं नाही. येतो.

---

स्पष्टबोल्या

माईघाट, मघाशी जरा जास्तच बोललो. रंगाच्या डब्याचं पटलं, आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलंय, दोघांनी खांब रंगवायचे पैसे देतो म्हणून कळवलंय. परवानगी कोण काढणार यावर सध्या चर्चा अडलीय.

दुसरं, जरा खासगी. शामरावनगरच्या बाजूला मेव्हण्यानं प्लॉट बघितलाय, स्वस्तात मिळतोय. तुमच्या नकाशात तिथं किती फुटाला पाणी लागतं?

---

माईघाट

@स्पष्टबोल्या दादा, तिथं नुसता आयर्विनचा आकडा विचारून भागणार नाही. त्या बाजूला पावसाचंच पाणी साचून राहतं. नदी पंचवीस फुटावर असली तरी अंगणात तळं असू शकतं. स्वस्त का आहे ते भर पावसात जाऊन बघा. शेजारच्या घरांच्या भिंतींवर ओल किती वर चढलीय ते बघा, आणि दूधवाल्याला विचारा, कारण तो रोज जातो.

---

पाटबंधारे_निवृत्त

आणि सौदा करायच्या आधी मोजणीवाल्याकडून लेव्हल काढून घ्या, समोरच्या रस्त्याचीही. रस्ते दर डांबरीकरणाला वर येतात आणि घरं खड्ड्यात जातात. जोतं रस्त्याच्या आजच्या पातळीवरून ठरवू नका, वर दोन-तीन फूट जास्तीचे धरा. मेव्हण्याला सांगा, जोत्यावरचा खर्च कुणाला दिसत नाही, तरी करायचा.

---

स्पष्टबोल्या

रविवारी जातो बघायला. दूधवाल्याचा नंबर काढलाय.